कोरियन राजवाड्याचं ताट घरी मांडायचंय? मग १२ या आकड्यापासून सुरुवात करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीचा अठरावा वाढदिवस आहे आणि ती कोरियन मालिकांची वेडी. आईला घरीच जोसॉन, म्हणजे कोरियाच्या शेवटच्या राजघराण्यातल्या राजांच्या जेवणासारखं १२ पदार्थांचं ताट मांडायचंय. माणसं दहा, त्यांत आजी-आजोबा शाकाहारी, पण अंडं चालतं. हाताशी दोन दिवस, तीन शेगड्या आणि मदतीला एक बहीण. विचारलंय ते हे: १२ पदार्थ कोणते निवडू, गोचुजांग (कोरियन आंबवलेली लाल मिरचीची चटणी) कुठलं घेऊ आणि पितळी भांडी हवीतच का?

मी सोलमध्ये राहून हा स्वयंपाक शिकले. आता पुण्यात असते आणि चाकण-रांजणगावच्या कारखान्यांमुळे इथे आलेल्या कोरियन कुटुंबांसाठी, शिवाय हौशी मराठी मंडळींसाठी अशी जेवणं करते. त्या अनुभवावरून सांगते, १२ पदार्थ कोणते ही तुमची अडचण नाहीच. चार हात, तीन शेगड्या आणि दोन दिवस यांत किती बारीक काम नीट होईल, ही आहे. या स्वयंपाकात साहित्यापेक्षा वेळ महाग पडतो.

आधी तो १२ चा आकडा बाजूला काढू. कोरियन पद्धतीत ताटातले पदार्थ मोजताना भात, सूप, किमची, रस्सा आणि बुडवून खायच्या सॉसच्या वाट्या धरतच नाहीत. झाकणाच्या लहान भांड्यांतली तोंडीलावणी तेवढी मोजतात. म्हणजे १२ म्हटलं की प्रत्यक्षात २० च्या वर भांडी आली. शिवाय राजापुढे भात दोन तऱ्हेचा असे, एक पांढरा आणि एक अझुकी या बारीक लाल कडधान्याच्या पाण्यात शिजवलेला. सुपंही दोन. हे सगळं एका नव्हे तर तीन चौरंगांवर मांडलेलं असे. शेजारी तीन अनुभवी दासी बसत. एक विषाची शंका नको म्हणून आधी चाखून बघणार, एक झाकणं उघडून वाढणार, एक तिथल्या तिथे शेगडीवर रस्सा गरम करणार. तुमच्याकडे एक बहीण आहे.

आणि हे वर्णन सगळ्या काळाचं नाही. ते मुख्यतः हान हुई-सुन (१८८९–१९७२) यांच्याकडून आलं. लहानपणीच राजवाड्याच्या मुदपाकखान्यात गेलेल्या या बाईंनी गोजोंग आणि सुनजोंग या शेवटच्या दोन राजांच्या काळात तिथे काम केलं. १९४० च्या दशकात ह्वांग हे-सॉन्ग या पाकशास्त्राच्या शिक्षिका त्यांच्याकडे शिकायला लागल्या. अंदाजाने चाललेलं सगळं त्यांनी मोजून-मापून लिहून काढलं. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कोरियन सरकारने या पाककलेला राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता दिली. पहिला मान हान यांना मिळाला, नंतर ह्वांग यांना आणि त्यांच्यानंतर त्यांची मुलगी हान बोक-र्यॉ यांना. आज आपण जे शिकतो ते याच घरातून आलेलं आहे. पण ते एका मावळत्या घराण्याच्या अखेरच्या वर्षांचं चित्र आहे, हे लक्षात ठेवावं.

त्याच्या शंभरेक वर्षं आधीचं एक ताट कागदावर सापडतं. १७९५ मध्ये राजा जॉन्गजो आई हेग्यॉन्ग हिची साठी साजरी करायला सोलहून ह्वासॉन्गला, म्हणजे आजच्या सुवॉनला गेला. तो आठ दिवसांचा प्रवास दरबारी कारकुनांनी वहीत उतरवून ठेवलाय, रोजच्या जेवणातल्या भांड्यांसकट. त्यात राजाच्या वाट्याला साधारण सात भांडी आहेत आणि आईच्या ताटात त्याच्या जवळपास दुप्पट. दुष्काळ पडला की राजे स्वतःचे पदार्थ कमी करत, तशी रीतच होती. तेव्हा पाच पदार्थ केलेत म्हणून काही ते ताट राजवाड्याचं नाही असं कुणी म्हणणार नाही. निदान मी तरी म्हणणार नाही.

मग राजवाड्याचं जेवण ओळखायचं कशावरून? माझ्या मते दोन गोष्टींवरून. एक, प्रत्येक जिन्नस वेगळा चिरलेला, वेगळा परतलेला, वेगळा निववलेला असतो आणि अगदी शेवटी एकत्र येतो. गाजर काकडीबरोबर परतलं की गेलं. दोन, चव हलकी असते. मीठ, सोया, तिळाचं तेल, लसूण हे सगळं असतं, पण मूळ जिन्नसाची चव त्याखाली दबत नाही. कारण राज्याच्या कोपऱ्याकोपऱ्यातून उत्तम माल दरबारात यायचा. जेजू बेटावरून संत्री आणि अबलोन नावाचे शिंपले यायचे. इतका चांगला माल मसाल्यात बुडवायचा कशाला? आपल्याकडच्या जिभेला पहिल्या घासाला हे अळणी वाटतं, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

इथेच गोचुजांगचं उत्तर येतं. मिरची कोरियात पोचली ती १६ व्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, त्यामुळे जोसॉनच्या पहिल्या दोनशे वर्षांत ती नव्हतीच. नंतर आली तरी दरबारी ताटात ती बहुतेक केसासारख्या लाल धाग्यांच्या रूपात, सजावटीपुरती दिसते. म्हणून दरबारात तिखट चालतच नसे असंही नाही. राजा यॉन्गजोला (कारकीर्द १७२४–१७७६) गोचुजांग फार आवडायचं, दरबारी रोजनिशीत त्याची नोंद आहे. तरी तुमच्या जेवणासाठी गोचुजांगची एक छोटी डबी पुरे. ज्यांना तिखटाशिवाय घास उतरत नाही त्यांच्यासाठी ती वाटीत बाजूला ठेवा. तो पैसा सोयावर खर्च करा. बाटलीवर ‘यांगजो’ लिहिलेलं, म्हणजे नैसर्गिकरीत्या आंबवलेलं सोया घ्या आणि सुपासाठी वेगळं, फिकट पण जास्त खारट असलेलं ‘गुक गानजांग’. आपल्या किराणा दुकानात चायनीजसाठी मिळणारं काळंकुट्ट सोया यात अजिबात चालत नाही, सगळे रंग मरतात. तिळाचं तेलही कोरियन, भाजलेल्या तिळाचंच हवं. आपलं घाणीचं तेल कच्च्या तिळाचं असतं. ते चांगलंच आहे, पण त्याचा वास वेगळा आहे.

आता पदार्थ. हे तुमच्या हाताच्या सफाईवर आणि गोठवलेला कोरियन माल कितपत मिळतो यावर अवलंबून आहे. पण दिलेल्या माहितीवरून मी तुमच्या जागी असते तर हे केलं असतं: सुरुवातीला ताराकजुक (तांदूळ-दुधाची पेज), मग गुजॉलपान (धिरड्यांत गुंडाळून खायची आठ सारणं), तांगप्यॉन्गछे (मुगाच्या जेलीची कोशिंबीर), दरबारी तॉकबोक्की (तांदळाच्या पिठाच्या कांड्या) आणि मांसाहारी मंडळींसाठी नॉबियानी (मुरवून भाजलेलं मांस). सोबत पांढरा भात, समुद्रशेवाळाचं सूप आणि जांगकिमची (सोयात आंबवलेली किमची). वाढदिवस आहे म्हणून ते सूप सोडू नका. कोरियात वाढदिवसाला सकाळी मियॉक-गुक, म्हणजे हेच सूप, प्यायल्याशिवाय दिवस सुरू होत नाही, आणि राजाच्या दोन सुपांपैकी एक हेच असे. वाळलेलं शेवाळ पाण्यात अफाट फुगतं. दहा जणांना ४० ते ५० ग्रॅम पुरे. पाकीटभर भिजवलंत तर बादली लागेल. शाकाहारी मंडळींसाठी ते तिळाच्या तेलावर परतून, वाळवलेल्या शिताके मशरूमच्या पाण्यात उकळा.

सगळ्यात जास्त जीव ओता तो गुजॉलपानमध्ये. नऊ कप्प्यांच्या अष्टकोनी डब्यात मधल्या कप्प्यात पातळ मैद्याची लहान धिरडी आणि भोवती आठ कप्प्यांत आठ सारणं. प्रत्येकाने एक धिरडं घ्यायचं, हवं ते थोडं थोडं ठेवायचं, गुंडाळायचं, मोहरीच्या सॉसमध्ये बुडवायचं. शाकाहारी आणि मांसाहारी एकाच डब्यातून जेवू शकतात, फक्त मांसाचा कप्पा वेगळ्या बशीत काढा. आठ सारणं अशी: काकडी, गाजर, मूग-मोड, शिताके, एक काळं मशरूम, अंड्याच्या पिवळ्याच्या पट्ट्या, पांढऱ्याच्या पट्ट्या आणि मांस. मांसाच्या रिकाम्या कप्प्यात कोवळ्या दुधीची साल बारीक चिरून परता, अप्रतिम लागते. हे कोरियन नाही, माझं आहे.

चिरण्याबद्दल जरा विस्ताराने सांगते, कारण पदार्थ तिथेच ठरतो. सगळं एकाच लांबीचं हवं, साधारण पाच सेंटिमीटर, आणि आगपेटीच्या काडीहून बारीक. काकडी आधी पाच सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापा. मग सुरी आडवी धरून तुकडा फिरवत फिरवत साल आणि हिरवा गर एका लांब पट्टीत सोलून काढा. बियांचा गाभा यात घ्यायचा नाही, तो कोशिंबिरीत घाला. पट्टी थरांत ठेवून बारीक चिरा, मीठ लावा, दहा मिनिटांनी घट्ट पिळा. तापलेल्या तव्यावर थेंबभर तेलात जेमतेम अर्धा मिनिट परता आणि लगेच पसरट ताटात पसरून पंख्याखाली ठेवा. ढीग करून ठेवलीत तर आतल्या वाफेने हिरवा रंग खाकी होतो. किसणीचा मोह होईल. गाजराला ती एक वेळ चालेल, पण किसणीने कड फाटते आणि पाणी सुटतं, म्हणून मी सुरीच वापरते.

अंड्याचं पिवळं आणि पांढरं वेगळं करा, प्रत्येकात चिमूटभर मीठ घाला, फेस न आणता ढवळून गाळून घ्या. पांढऱ्यात अर्धा चमचा पाण्यात कालवलेलं चिमूटभर कॉर्नफ्लोअर घातलंत तर पापुद्रा फाटत नाही. नॉनस्टिक तवा, तेल पुसून काढल्याइतकं, आच अगदी मंद. तपकिरी डाग पडला की तो पापुद्रा स्वतः खाऊन टाका, पुढचा घाला. धिरड्यांचंही तसंच. दोन कप मैदा, सुमारे अडीच कप पाणी, मीठ. गाळून तासभर झाकून ठेवा म्हणजे गुठळ्या जातात आणि पीठ सैल होतं. मोठ्या चमच्याने सात-आठ सेंटिमीटरचं गोल घाला, कडा उचलल्या की उलटा, दुसरी बाजू फक्त टेकवा. दहा जणांना पन्नास-साठ लागतात. हे बहिणीचं काम.

मोहरीचं सॉस करताना पिवळ्या मोहरीची पूड कोमट पाण्यात कालवा आणि झाकून वीस मिनिटं ठेवा. आपण लोणच्याला मोहरी फेसतो तेव्हा नाकात जो झणका जातो, तो इथेही पाणी आणि वेळ मिळाल्यावरच तयार होतो. उकळतं पाणी घातलंत किंवा सुरुवातीलाच व्हिनेगर ओतलंत तर झणका येतच नाही, नुसता कडूपणा राहतो. म्हणून आधी मोहरी, मग व्हिनेगर, साखर, मीठ आणि थोडा नासपतीचा रस.

तांगप्यॉन्गछे म्हणजे मुगाच्या सत्त्वाच्या जेलीच्या पट्ट्या, त्यात हिरवी भाजी, अंडं, कुस्करलेलं काळं शेवाळ आणि एरवी मांस. याची गोष्ट अशी सांगतात की दरबारातले तट एकत्र नांदावेत म्हणून यॉन्गजोने जे समतोलाचं धोरण राबवलं, त्यावरून या वेगवेगळ्या रंगांच्या पदार्थाला नाव मिळालं. खरं-खोटं बाजूला ठेवा, जेवणाच्या टेबलावर सांगायला गोष्ट छान आहे. एक भाग मुगाचं सत्त्व आणि सहा भाग पाणी सतत ढवळत शिजवा. पारदर्शक झाल्यावरही मंद आचेवर पाच-सात मिनिटं ढवळत राहा, नाहीतर जेली ठिसूळ होते. कॉर्नफ्लोअरने हे जमत नाही. फ्रीजमध्ये ती पांढरी आणि कडक होईल तेव्हा घाबरू नका. पट्ट्या कापून उकळत्या पाण्यातून काढल्या की पुन्हा काचेसारख्या होतात. लगेच मीठ आणि तिळाचं तेल लावा. यातली हिरवी भाजी मुळात मिनारी नावाची कोरियन भाजी, तिच्याऐवजी सेलरीचे कोवळे देठ घ्या.

दरबारी तॉकबोक्कीत लाल रस्सा नसतो, हे मुलीला आधी सांगा, नाहीतर हिरमुसेल. तांदळाच्या पिठाच्या कांड्या उकळत्या पाण्यातून मऊ करून सोया आणि तिळाच्या तेलात मुरवायच्या, मग मशरूम, गाजर, कांदा वेगवेगळे परतून शेवटी एकत्र करायचं. ताराकजुक तर सोपंच आहे: भिजवलेले तांदूळ बारीक वाटून, गाळून, आधी पाण्यात शिजवायचे आणि मग दूध थोडं थोडं घालत ढवळायचं. सगळं दूध एकदम ओतलं की गुठळ्या. मीठ खाताना. ही पेज मुदपाकखान्यात नाही, दरबारी वैद्यांच्या खात्यात शिजायची, थंडीच्या महिन्यांत. शेतीच्या गायींचं दूध काढणं म्हणजे वासराचा वाटा काढणं, म्हणून ते औषधाइतकं दुर्मीळ होतं. आजीला ती बहुधा सगळ्यांत जास्त आवडेल.

नॉबियानी मुळात गोमांसाची. आपल्या महाराष्ट्रात तो प्रश्नच नाही. गंमत म्हणजे जोसॉन राजवटीनेही नांगराचे बैल वाचावेत म्हणून गुरं मारण्यावर पुन्हा पुन्हा बंदी घातली होती आणि मोठ्यांच्या ताटात मात्र गोमांस येतच राहिलं. मी चिकनच्या मांडीचं बिनहाडाचं मांस घेते. पातळ करून त्यावर सुरीने आडव्या-उभ्या हलक्या खुणा करायच्या, नासपतीचा रस, सोया, साखर, लसूण, तिळाचं तेल लावायचं आणि अर्ध्या तासाने भाजायचं. मटण घेऊ नका, त्याचा वास या मसाल्याला जुमानत नाही. मधोमध धुराडं असलेल्या शिन्सॉल्लोच्या, म्हणजे टेबलावरच निखाऱ्यांवर सूप उकळत ठेवायच्या भांड्याचा विचार मनात असेल तर बंद फ्लॅटमध्ये कोळसा पेटवू नका, त्याचा वायू जीवघेणा असतो. मोकळ्या गच्चीवर करणार असाल तर निखारे टाकण्याआधी भांड्यात सूप भरा, रिकामं तापलं तर आतली कल्हई जाते.

किमचीबद्दल एक सावधगिरी. बाजारच्या बहुतेक किमचीत कोळंबीचं किंवा माशाचं खारवण असतं, आजी-आजोबांसाठी ती चालणार नाही. म्हणून जांगकिमची: चायनीज कोबी आणि मुळ्याचे चौकोनी तुकडे सोयात मुरवायचे, मग नासपती, आलं, लसूण घालून त्याच सोयात पाणी मिसळून ओतायचं. आपल्या हवेत दीड-दोन दिवसांत आंबते. म्हणजे ती वाढदिवसाच्या तीन दिवस आधी घालून, आंबट झाली की फ्रीजमध्ये टाका. तुमचे दोन दिवस इथे तीन होतात, पण हे काम अर्ध्या तासाचं आहे. आदल्या दिवशी मशरूम भिजवणं, जेली, अंड्याचे पापुद्रे आणि सॉस. त्या दिवशी सकाळी चिरणं आणि धिरडी, जेवणाआधी तासभर परतणं, अगदी शेवटी सूप, तॉकबोक्की आणि भाजणं. गोडाला दुकानातलं याकग्वा (मधात मुरवलेली तळलेली कोरियन मिठाई) आणा, घरी तळायला बसू नका.

वाढण्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो महत्त्वाचा आहे. राजा एकटाच जेवायचा, राणीचं ताट वेगळं. त्यामुळे मधोमध सगळं मांडून दहा जणांनी हात घालणं या जेवणाला शोभत नाही. पेज, सूप, भात, किमची प्रत्येकाला वेगळ्या वाटीत द्या आणि गुजॉलपानचे तीन संच करा, तिघा-चौघांत एक. डबा नसेल तर मोठी पांढरी ताटलीही चालते, फक्त एकाच रंगाची सारणं शेजारी शेजारी नकोत, समोरासमोर ठेवा.

भांडी पितळी नकोतच. कोरियन ताटात जी सोनेरी भांडी दिसतात ती चांगल्या प्रतीची असतील तर तांबं आणि कथील यांची, साधारण ७८ ला २२, म्हणजे आपलं कांसंच. आजीच्या कपाटात काशाच्या वाट्या असतील तर त्या काढा, मात्र आंबट किमची त्यांत फार वेळ ठेवू नका. राजवाड्यात थंडीत चांदी आणि उन्हाळ्यात चिनी माती अशी पद्धत होती. वाढदिवस मे ते सप्टेंबरच्या दरम्यान असेल तर साधी पांढरी चिनी मातीच योग्य. आणि चांदीच्या वाट्या काढल्याच, तर अंड्याच्या पट्ट्या त्यांत ठेवू नका. अंड्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते, आणि विष ओळखायला चांदीचे चमचे वापरायचे ही गोष्ट ऐकलेला एखादा पाहुणा जेवायचा थांबेल.

तारीख कोणती आहे आणि मुगाचं सत्त्व तुमच्या भागात मिळतंय का, एवढं कळवा. मिळत नसेल तर तांगप्यॉन्गछेच्या जागी दुसरं काहीतरी सुचवते.